साक्षीचे तुकडे

उद्यमनगरात, वेल्डिंगच्या दोन दुकानांमधल्या बोळात
आमची चाचणीशाळा. पाटीवरचा ‘ळा’ कधीच गळालाय.
सकाळी साडेसातला दिलशाद स्पिरिटच्या डब्यात
कोरडा बर्फ सोडतो, आणि धूर
टेबलावरून उतरून माझ्या चपलांपर्यंत येतो.

उणे साठ.
आत बारा तुकडे बुडालेत,
करंगळीएवढे, चौकोनी, प्रत्येकाच्या कमरेला
दोन मिलिमीटरची खाच. आम्हीच पाडलेली.
धड पोलादाला काही विचारून उपयोग नसतो;
आधी घाव द्यावा लागतो, मग ते बोलतं.

चिमट्यानं उचल, बैठकीवर ठेव, खटका सोड:
पाच सेकंद.
सहावा लागला की तुकडा
आपल्या खोलीची ऊब पिऊन खोटं बोलतो.

‘सोडू का ओ मॅडम?’
‘सोड.’
टण्ण.
काटा चौदावर.

मोडलेलं तोंड उजेडाला धरलं तर
साखर फुटावी तसं, दाणा न् दाणा लखलखतो.
पहिल्या वर्षी दिलशादला ते फार आवडायचं.
आता चमक दिसली की तो नुसती मान हलवतो.
खोलीतल्या उबेला हेच पोलाद
धप् करून हातोडा अडवतं,
वाकतं, आणि मोडलंच तर मळकट,
उसाच्या चिपाडासारखं दोऱ्यादोऱ्यानं सुटतं.

यांची सख्खी भावंडं, त्याच प्लेटमधून कापलेली,
लांब एका अणुभट्टीत लटकवलीत,
पात्राच्या भिंतीच्या थोडी पुढं, गाभ्याकडं तोंड करून.
न्यूट्रॉनचा मारा आधी त्यांच्यावर.
भिंतीला जे बारा वर्षांनी व्हायचं
ते त्यांना चारच वर्षांत होतं.
मग बाहेर काढून, जाड काचेआड, यंत्राच्या हातांनी
त्यांनाही असंच मोडतात.
माझ्या बारांनी काहीच सोसलेलं नाही.
म्हणून तर ते हवेत.
भाकीत म्हणजे शेवटी
न सोसलेल्यातून सोसलेल्याची वजाबाकी.

पण वजाबाकीही सरळ येत नाही.
तीच प्लेट, तेच उणे साठ, शेजारशेजारचे तुकडे:
चौदा. एकोणचाळीस. एकसष्ट.
पूर्वी मी दिलशादवर ओरडायची.
खाचेच्या पुढ्यात कुठंतरी एक कडक कण असतो,
साखळीतली सगळ्यांत कच्ची कडी,
कुठं, ते मोडेपर्यंत कुणालाच ठाऊक नाही.
म्हणून आम्ही रेघ मारत नाही, पट्टा आखतो,
आणि शंभरातले पाचच ज्याच्या खाली जातील
त्या काठावर उभं राहून सही करतो.

वर नियम सांगतो: भिंतीत चीर आहेच असं धरा,
पाव जाडीइतकी खोल,
दिसली नाही तरी.
माझी सोयरीक बघताना आत्यानं
यापेक्षा वेगळं काय सांगितलं होतं?

हुपरीला आदगोंडामामा पैंजणाची तार ओढायचा.
ओढून ओढून चांदी हट्टाला पेटली
की तिच्यावर जोर करायचा नाही.
निखाऱ्यावर लाल करायचा, बाजूला ठेवायचा.
म्हणायचा, ‘दमलीया. निजू दे.’
पात्रालाही असं निजवता येतं. काही ठिकाणी निजवलंय,
पावणेपाचशे अंशांच्या आसपास, चार-पाच दिवस.
उठल्यावर मार विसरतं.
बराचसा. सगळा नाही.

अकरा झाले. बारावा चिमट्यात
आणि फोन वाजतो. तिकडचे कुलगुडे साहेब.
‘पट्टा राहू दे हो मॅडम, एकच आकडा सांगा.
वर एकच आकडा पाठवायचाय.’
दिलशाद माझ्याकडं बघतो.
चार. पाच.
सहा.

‘परत बुडव,’ मी म्हणते, त्यालाही आणि फोनवरही.
पाच मिनिटं थांबायचं. तेवढं लागतंच
आतपर्यंत गार व्हायला.
पलीकडं कुणीतरी लेथ चालू करतं,
ट्यूबलाइट एकदा मिचमिचते.
काटा शून्यावर आणून ठेवलाय.
धूर पुन्हा चपलांपाशी आलाय.